दातांवरच्या मळाचे माप

खडवलीला भातसेच्या काठी राखुंडीने दात घासणारे आमचे आजोबा एकच कसोटी मानीत: बोट फिरवले की दात करकर वाजला पाहिजे! वाचकहो, हसू नका. शास्त्राने ठरवलेले मापही या कसोटीपासून फार दूर नाही.

दातांवर मऊ, चिकट थर बसतो. १६८३ साली हॉलंडच्या लेव्हेनहुकने (हा मूळचा कापडाचा व्यापारी!) तो भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात जिवंत जंतू वळवळताना दिसले. पण थर किती, हे सांगावे कसे? १९६४ मध्ये सिल्नेस आणि लोए यांनी गरोदर स्त्रियांच्या हिरड्या तपासताना गुण ठरवले. थर नसेल तर ०; डोळ्यांना न दिसता सळईच्या टोकाला लागला तर १; दिसला तर २; भरपूर साचला तर ३. दाताच्या चार बाजू पाहून सरासरी काढायची.

पुढच्याच वर्षी लोए आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांचे दात घासणेच थांबवले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे सुरू होताच आठवड्याभरात त्या बऱ्या झाल्या. आमची आजी मात्र हिरडी सुजली की अंगातल्या उष्णतेलाच बोल लावी.

१९७२ मध्ये ओलिअरीने थर रंगवून रंगलेल्या बाजूंचा टक्का काढला. तो १० च्या आत यावा. कल्याणच्या एका दवाखान्यात मी हे पाहिले: ओठांकडची बाजू लख्ख, गुलाबी रंग उरला तो फटींत.