तराजूचे दुसरे पारडे

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिदिनाचा ध्वज उभारला जातो. १९४८ साली याच दिवशी हैद्राबादच्या निजामाची राजवट शरण आली. रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. त्यांच्याविरुद्ध लेखणी चालविणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाखान यांची त्या ऑगस्टमध्ये हैद्राबादेत हत्या झाली. हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु जुलमाचा अंत झाल्यावर न्यायाचा तराजू कसा धरला गेला, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील. बीबीनगरच्या दरोड्याबद्दल खास न्यायाधिकरणाने त्याला शिक्षा सुनावली. अशा न्यायाधिकरणामुळे समतेच्या मूलभूत हक्काचा भंग होतो काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५३ साली बहुमताने शिक्षा कायम झाली, न्या. विवियन बोस व न्या. गुलाम हसन यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. ज्याच्या नावाने लोक संतापत, त्या आरोपीच्या हक्कांचाही एवढा खल झाला, हे आम्हां कायद्याच्या उपासकांना भूषणावह वाटते.

दुसऱ्या पारड्याची कथा निराळी आहे. पोलीस कारवाईच्या काळात व तदनंतर असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले. पंतप्रधान नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस दौरा करून मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा वर्तविला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ लागली. हा अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. रझवीच्या अपराधाची चर्चा भर न्यायालयात झाली. या मृतांचा हिशेब बासनातच राहिला.

रझाकारांच्या अत्याचाराने ही सूडबुद्धी पेटली, असे म्हणता येईल. पण कारण सांगितल्याने अपराध पुसला जात नाही. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे : काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान समव्यवसायींना हिंदूंच्याच हल्ल्यांतून वाचविले, आणि त्यापायी काहींनी स्वतःचे प्राणही वेचले. अहवाल दडला, तेव्हा आपली लाज झाकली गेली. पण त्याबरोबर या विणकरांचे पुण्यही झाकले गेले.

पूजेच्या शेवटी आपण देवापुढे कळत-नकळत घडलेल्या अपराधांची क्षमा मागतो. मुक्तिदिनी हुतात्म्यांना वंदन करताना त्या अनाम मृतांचेही स्मरण केले, तर मुक्तीचे मोल घटणार नाही, वाढेलच.