अबरतैवी : नदीमुखावरचे काव्यासन

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, तैवी नदी सागराला मिळते त्या ठिकाणाजवळ, कार्डिगन हे सुमारे ४ हजार वस्तीचे गाव आहे. वेल्श भाषेत त्याला अबरतैवी, म्हणजे 'तैवीचे मुख', म्हणतात. इंग्रजी नाव केरेडिगियन या प्रदेशनामावरून आले आहे. एका नावात नदी आहे, तर दुसऱ्यात राज्य.

कांब्रियन डोंगरातील तळ्यांतून निघालेली तैवी सुमारे १२० किलोमीटरचा प्रवास करून येथे भरती-ओहोटीच्या टापूत शिरते. नदी ओलांडण्याची ही मोक्याची जागा नॉर्मनांनी हेरली व तेथे ठाणे वसवले. पुढे देहेबार्थचा राजा ऱ्हिस याने ते जिंकून घेतले आणि ११७१ मध्ये किल्ला दगडचुन्यात बांधला. ११७६ च्या नाताळात त्याने तेथे कवी व वादक यांच्या स्पर्धा भरवल्या. त्यांची दवंडी वर्षभर आधी इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंडपर्यंत पोहोचवली होती, असे वेल्श बखर सांगते. विजेत्यांसाठी दोन आसने होती. काव्याचे आसन उत्तरेकडील ग्विनेदच्या कवींना मिळाले, वादनाचे ऱ्हिसच्याच दरबारातील एका तरुणाला. काव्याचा मान परराज्याकडे जाऊ द्यावा, यात त्या दरबाराची रसिकता दिसते.

हा मेळावा 'आयस्तेद्वोद' परंपरेचा आरंभ मानला जातो. त्या शब्दाच्या मुळाशी 'बसणे' हीच क्रिया आहे. आपला 'बैठक' हा शब्द त्याला अर्थाने जवळचा. तथापि ही परंपरा अखंड होती, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १२०० मध्ये ऱ्हिसच्याच पुत्राने किल्ला इंग्लंडच्या जॉन राजाला विकला. आजचे राष्ट्रीय आयस्तेद्वोद १८६१ पासूनचे आहे. त्यातील पुष्कळसे विधी १८व्या शतकाच्या अखेरीस योलो मोर्गानग याने कल्पनेने रचले.

गावाचे वैभवही असेच खंडित झाले. १९व्या शतकाच्या आरंभी येथे ३०० हून अधिक जहाजांची नोंद होती. नदीमुख गाळाने भरत गेले, १८८६ मध्ये रेल्वे आली आणि बंदर ओस पडले. १९६२ मध्ये प्रवासी गाड्याही थांबल्या. ढासळलेला किल्ला २००३ मध्ये स्थानिक शासनाने विकत घेतला व २०१५ मध्ये तो लोकांना खुला झाला.

तत्पूर्वी, १९७६ मध्ये, त्या पहिल्या मेळाव्याच्या ८०० व्या वर्षी राष्ट्रीय आयस्तेद्वोद याच गावी भरले होते. किल्ला तेव्हा भग्न होता. काव्याचे आसन मात्र मांडले गेले. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधील केवळ १७.८ टक्के लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येते, असे नोंदवले. दगडी भिंती पुन्हा उभारता येतात. त्या आसनावर बसणारा कवी मात्र बोलती भाषाच देऊ शकते.