टाकावरचा घोडेस्वार

आजी गेली, गावचं घर बंद झालं आणि देवघर माझ्या पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलं. स्टीलच्या डब्यात, लाल कापडात गुंडाळलेले चांदीचे तीन टाक. भवानी ओळखली. मागे म्हाळसा बसलेली, म्हणून खंडोबाही ओळखला. तिसऱ्यावर एकटाच स्वार, चेहरा पार झिजलेला.

बाबा म्हणाले, "आपला वीर आहे तो. नाव नाही माहीत."

टाक म्हणजे देवाची किंवा पूर्वजाची उठावदार प्रतिमा असलेला छोटासा पत्रा. घरातलं कुणी लढाईत पडलं किंवा अकाली गेलं, की त्याचा टाक करून देवांच्या ओळीत बसवायची रीत महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत आहे. नाशिकला धुळवडीच्या दिवशी हे वीर वाजतगाजत गोदावरीवर नेतात.

गावाबाहेरचे वीरगळ तुम्ही पाहिले असतील. खाली लढाई, वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळ एकसरला तर वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. पण दगड कोरून घेणं प्रत्येकाला कुठून परवडणार? दोन बोटांचा पत्रा मात्र परवडतो, आणि घर बदललं तरी सोबत नेता येतो.

नवरात्रात हे टाक विड्याच्या पानांवर बसवतात. शेजारी मातीत धान्य पेरून घट मांडतात. नऊ दिवस देव हलवायचे नाहीत. पूर्वज आणि पीक एकाच पाटावर! माती आपल्या शेतातली हवी, असं आजी सांगायची. आमचं शेत सहा वर्षांपूर्वी विकलं. यंदा बाबांनी नव्या मालकाला विचारून एक पिशवी माती आणली. बाल्कनीत ती चाळताना ते काहीच बोलले नाहीत.

वीराचा टाक उजळून घ्यायला मी सोनाराकडे गेलो. तो म्हणाला, नवाच करा. त्याने पितळी ठसा दाखवला. त्यावर पत्रा ठेवून ठोकला, की घोडेस्वार उमटतो. ठसा एकच, घरं अनेक.

म्हणजे तो झिजलेला चेहरा आमच्या पूर्वजाचा कधी नव्हताच. टाकाने फक्त जागा राखली होती. नाव राखायचं काम माणसांचं होतं, ते कुठल्या तरी पिढीत राहून गेलं. श्राद्धातही नावं तीनच पिढ्यांची घेतात. त्यापलीकडचं लक्षात ठेवायला सांगणारंच कुणी लागतं.

टाक तसाच परत आणला. त्या रात्री वही घेऊन बाबांसमोर बसलो. पणजोबांपर्यंतची पुरुषांची नावं भराभर मिळाली. मग मी आजीचं माहेरचं नाव विचारलं. बाबा बराच वेळ आठवत राहिले. शेवटी त्यांनी मावशीआजीला फोन लावला.

वहीत पहिलं नाव आजीचं लिहिलं. वही आता देवघराच्या खणात असते.