दक्षिणेची शिदोरी

आपल्याकडे दक्षिण ही यमाची दिशा. तिकडे पाय करून निजू नये, असे घरोघरी सांगितले जाते; आणि विंध्य ओलांडून तिकडे गेलेले अगस्ती ऋषी परत आले नाहीत, ही कथाही सर्वांना ठाऊक असते. युरोपीय दर्यावर्दींच्या मनातील दक्षिण याहून फारशी निराळी नव्हती. फरक एवढाच की, तेथे भयाच्या जोडीला लोभ होता. पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात एवढी जमीन आहे, तर तिचा तोल राखण्यासाठी दक्षिणेतही एखादे अफाट खंड असलेच पाहिजे, ही कल्पना प्राचीन ग्रीकांपासून चालत आलेली. हे खंड कोणी पाहिले नव्हते. पण त्याच्याविषयी वाचलेले मात्र पुष्कळांनी होते. दक्षिणेच्या शोधाचा इतिहास म्हणूनच जितका गलबतांचा, तितकाच ग्रंथांचाही आहे. निघण्यापूर्वी कोणी काय वाचले, पेटीत कोणते पुस्तक घातले आणि कोणते घरी ठेवले, यावर तिकडे काय दिसले हे बऱ्याच अंशी ठरत आले.

या वाचकांपैकी एकाचा भारताशी जवळचा संबंध होता. अलेक्झांडर डॅलरिंपल हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर म्हणून अठराव्या शतकाच्या मध्यावर मद्रासला आला. जुन्या स्पॅनिश प्रवासवृत्तांचा त्याला नाद लागला आणि त्यांच्या आधारे दक्षिण खंडाच्या अस्तित्वाविषयी त्याची खात्री पटली. ती इतकी की, त्या न पाहिलेल्या भूमीची लोकसंख्या पाच कोटींहून अधिक असावी, असा अंदाजही त्याने छापून टाकला! १७६८ च्या मोहिमेचे नेतृत्व आपल्याला मिळावे, अशी त्याची इच्छा होती. पण तो आरमारी अधिकारी नसल्यामुळे ते जेम्स कुकला मिळाले. डॅलरिंपलने आपल्या पुस्तिकेची एक प्रत मात्र कुकबरोबर निघालेल्या जोसेफ बँक्सला दिली. तिच्यातील नकाशात न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामधून गेलेला तोरेस या दर्यावर्दीचा १६०६ मधील मार्ग दाखवलेला होता. ऑगस्ट १७७० मध्ये कुक त्याच सामुद्रधुनीतून बाहेर पडला. आपल्या दुसऱ्या सफरीत, १७ जानेवारी १७७३ रोजी, त्याने दक्षिण ध्रुववृत्त ओलांडले आणि त्या सफरीअखेर डॅलरिंपलचे लोकवस्तीने गजबजलेले खंड कायमचे बुडवले. एकाच माणसाच्या वाचनातून निघालेली एक गोष्ट खरी ठरली आणि एक भ्रम ठरली. ग्रंथप्रामाण्याचा हा दुहेरी अनुभव पुढेही वारंवार येत राहिला.

पण प्रवासापूर्वीच्या वाचनाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'बीगल' हे गलबत. २७ डिसेंबर १८३१ रोजी ते प्लिमथहून निघाले. लांबी जेमतेम नव्वद फूट, आणि माणसे सत्तरांहून अधिक. असे असूनही त्यावर चारशेहून अधिक ग्रंथ होते. कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय हा स्वतः जातिवंत ग्रंथप्रेमी. नुकताच पदवीधर झालेला चार्ल्स डार्विन बरोबर येणार असे ठरल्यावर त्याने डार्विनला कळवले की, तुमचा हम्बोल्ट खुशाल आणा, आणखीही हवी ती पुस्तके आणा. पण म्हणून माझी मी मागे ठेवणार नाही. हे ग्रंथ गलबताच्या मागच्या बाजूच्या एका चिंचोळ्या खोलीत, कपाटांतून लावलेले होते. तीच नकाशे काढण्याची खोली आणि तीच डार्विनची निजण्याची जागा. तो नकाशाच्या मेजावर झोळी टांगून त्यात निजे. म्हणजे जवळजवळ पाच वर्षे हा मनुष्य अक्षरशः ग्रंथालयात झोपला. ग्रंथ देण्याघेण्याचे नियम होते, कप्तानाच्या कारकुनाकडे यादी असे, पुस्तक हवे त्याने चिठ्ठी लिहून द्यायची, आणि कोणतेही पुस्तक गलबताबाहेर न्यायचे नाही. सार्वजनिक ग्रंथालयांत आयुष्य घालवलेल्या वाचकाला हे नियम ओळखीचे वाटतील. ती यादी पुढे हरवली. डार्विनच्या टिपणांतील आणि पत्रांतील उल्लेख जुळवून अभ्यासकांनी तो संग्रह पुन्हा उभा केला, तो २०१४ मध्ये.

त्यात काय होते? कुक, अ‍ॅन्सन, बायरन, बूगनव्हील यांची प्रवासवर्णने, पॅटागोनियाविषयी फॉकनर या जेझुइट पाद्र्याने १७७४ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ, मोलिनाचा चिलीचा इतिहास, कुव्हिए, लामार्क, फ्रेंच निसर्गेतिहासकोशाचे जाडजूड खंड. बहुतेक मजकूर कामाचा, शुष्क, संदर्भापुरता. पण त्यातील दोन ग्रंथ डार्विनच्या डोळ्यांचा भाग झाले.

पहिला हम्बोल्टचा. अलेक्झांडर फॉन हम्बोल्टने १७९९ ते १८०४ या काळात दक्षिण अमेरिकेत केलेल्या प्रवासाचे हे वर्णन डार्विनने केंब्रिजमध्ये असतानाच वाचले होते. त्यातील टेनेरीफ बेटाविषयीचे लांबलचक उतारे तो लिहून काढी आणि फिरायला निघालेल्या मित्रांना मोठ्याने वाचून दाखवी. त्या मित्रांच्या सहनशीलतेचे कौतुक करावेसे वाटते. टेनेरीफला जायचेच, असे ठरवून त्याने स्पॅनिश शिकायलाही सुरुवात केली. मग बीगलचा योग आला आणि गुरू हेन्स्लो यांनी निरोपाची भेट म्हणून दिला तोही हम्बोल्टच. ६ जानेवारी १८३२ रोजी बीगल टेनेरीफपाशी पोहोचले. इंग्लंडमधील पटकीच्या साथीमुळे बारा दिवस विलग राहिल्याशिवाय किनाऱ्यावर उतरता येणार नाही, असे तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले. फिट्झरॉयने तत्काळ शिडे उभारण्याचा हुकूम दिला. ज्या शिखरासाठी एवढे पाठांतर केले, ते डार्विनने ढगांतून, लांबूनच पाहिले.

ब्राझीलच्या अरण्यात मात्र त्याची भरपाई झाली. तेथे जे दिसते ते हम्बोल्टच्या प्रकाशातच दिसते, असे त्याने नोंदवले. घरी पाठवलेल्या रोजनिशीची पाने वाचून १८३३ मध्ये त्याची बहीण कॅरोलाइन हिने त्याला प्रेमळ कानपिचकी दिली की, हम्बोल्ट फार वाचल्यामुळे तुझ्या भाषेत त्याची फुलोऱ्याची वळणे आली आहेत. तुझी साधी भाषाच बरी. बहिणीला जे दिसले ते टीकाकारालाही मान्य व्हावे.

दुसरा ग्रंथ चार्ल्स लायेल यांच्या भूशास्त्राच्या तत्त्वांचा. त्याचा १८३० मध्ये निघालेला पहिला खंड फिट्झरॉयनेच डार्विनला दिला. तो अवश्य वाच, पण त्यातील मते मात्र स्वीकारू नकोस, असे हेन्स्लोंनी बजावले होते. पृथ्वीचे रूप एखाद्या महाप्रलयाने नव्हे, तर आजही चालू असलेल्या मंद क्रियांनी अतिदीर्घ काळात घडले, हा लायेलचा सिद्धान्त. आफ्रिकेच्या पश्चिमेकडील सेंट जेगो बेटावर डार्विन उतरला, तेव्हा समुद्रालगतच्या कड्यात, पाण्यापासून बऱ्याच उंचीवर, शिंपल्यांनी भरलेला एक पांढरा पट्टा त्याला दिसला. लायेल वाचलेला नसता, तर तो केवळ पांढरा पट्टाच राहिला असता. आता तो समुद्रतळ हळूहळू वर उचलला गेल्याचा पुरावा झाला. दुसरा खंड त्याला १८३२ च्या अखेरीस माँटेव्हिडिओला टपालाने मिळाला. २० फेब्रुवारी १८३५ रोजी चिलीत कन्सेप्शनला भूकंप झाला, तेव्हा किनाऱ्याचा खडक काही फुटांनी वर आल्याचे आणि त्याला चिकटलेले शिंपले पाण्याबाहेर मरून पडल्याचे बीगलवरच्यांनी प्रत्यक्ष पाहिले. पुस्तकातला युक्तिवाद डोळ्यांदेखत घडला होता.

तथापि डार्विन हा लायेलचा आज्ञाधारक शिष्य नव्हता. प्रवाळांची कंकणाकृती बेटे बुडालेल्या ज्वालामुखींच्या मुखांवर उभी असतात, असे लायेलने दुसऱ्या खंडात म्हटले होते. जमीन एकीकडे उचलली जात असेल तर दुसरीकडे खचतही असली पाहिजे, हे लायेलचेच सूत्र धरून डार्विनने निराळा निष्कर्ष काढला. बेट हळूहळू खचते आणि प्रवाळ त्याच वेगाने वर वाढत राहतात. हा विचार त्याला दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सुचला, खरे प्रवाळबेट पाहण्यापूर्वीच. १९५२ मध्ये पॅसिफिकमधील एनिवेटॉक येथे छिद्रे पाडली, तेव्हा बाराशे मीटरांहून अधिक जाडीच्या चुनखडीखाली ज्वालामुखीचा खडक लागला. लायेलने न पाहिलेली गोष्टही आपण काही अंशी त्याच्याच डोळ्यांनी पाहतो, असे डार्विनने पुढे एका पत्रात कबूल केले. ग्रंथाचे याहून मोठे ऋण कोणते असणार?

आणि तरीही ग्रंथ एकटा काही करीत नाही. याच कपाटांतील याच लायेलचा दुसरा वाचक खुद्द फिट्झरॉय होता. तोच खंड, तेच कडे, तोच भूकंप. सफरीच्या प्रारंभी भूशास्त्रज्ञांच्या प्रभावाने आपण बायबलमधील प्रलयाविषयी साशंक झालो होतो, याचा पश्चात्ताप त्याने १८३९ च्या आपल्या वृत्तान्तात व्यक्त केला आणि त्या प्रलयाच्या समर्थनार्थ एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले.

गलबतावर चारशे ग्रंथ. पण घोड्यावर बसून आत मुलुखात जायचे तर खिशात एकच मावे. अशा वेळी डार्विन नेहमी मिल्टनचे 'पॅराडाइज लॉस्ट' निवडी. भूशास्त्र नव्हे, कोश नव्हे, काव्य. संदर्भ डोक्यात असतात, सोबत मात्र निराळीच लागते, हे प्रवाशाला न शिकवता कळते. याच डार्विनला उतारवयात कविता वाचवेनाशी झाली, याची त्याला स्वतःलाच खंत होती.

आता याच ग्रंथालयाची दुसरी बाजू. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला तिएर्रा देल फुएगो आहे. डिसेंबर १८३२ मध्ये तेथील गुड सक्सेस उपसागरात डार्विनने स्थानिक लोकांची भाषा प्रथम ऐकली. तिच्याविषयी लिहिताना त्याने आधार घेतला कुकचा. त्याच उपसागरात कुक १७६९ मध्ये उतरला होता, आणि ती भाषा माणूस घसा साफ करताना जसा आवाज काढतो तशी आहे, अशी उपमा त्याच्या नावे रूढ होती. डार्विनने ती पुन्हा दिली आणि वर, ही भाषा म्हणण्याच्याही योग्यतेची नाही, अशा अर्थाची पुस्तीही जोडली. आश्चर्य असे की, फुएगोचे तीन रहिवासी त्याच गलबतावर वर्षभर त्याच्याबरोबर होते. फिट्झरॉयने त्यांना आधीच्या सफरीत इंग्लंडला नेले होते आणि आता परत पोहोचवायचे होते. त्यांतील जेमी बटन हा यामाना जमातीचा. तो इंग्रजी शिकला होता.  त्या टोकावर एक नव्हे, अनेक भाषा होत्या. उपसागरातील लोक निराळे, जेमीचे लोक निराळे. पण पुस्तकाने सर्वांना एकच नाव आणि एकच घसा दिला होता.

नरभक्षणाचेही तसेच. हे लोक माणसे खातात, असे सतराव्या शतकातील डच खलाशांच्या वृत्तान्तांपासून छापले जात होते. त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयारच होते. हिवाळ्यात उपासमार झाली की, कुत्र्यांच्या आधी म्हाताऱ्या बायकांना मारून खातात, ही गोष्ट एका मुलाने सांगितली, जेमीनेही दुजोरा दिला आणि डार्विनने ती लिहून ठेवली. तेथेच जन्मलेल्या ल्यूकस ब्रिजेसने १९४८ मध्ये आपल्या पुस्तकात ती साफ नाकारली. परक्याला जे ऐकायचे आहे तेच सांगून मोकळे होणारी ही पोरे होती, असे त्याचे म्हणणे. खेड्यात पाहणीसाठी जाणाऱ्या आपल्याकडील साहेबांना आणि संशोधकांनाही असाच अनुभव येत असावा.

ल्यूकसचे वडील थॉमस ब्रिजेस पोरवयातच, १८५६ मध्ये, फॉकलंड बेटांवर आले आणि पुढे मिशनरी म्हणून उश्वायाला स्थायिक झाले. यामाना लोकांविषयी त्यांनी फार वाचलेले नव्हते, त्यांनी ऐकले. आयुष्यभर ऐकून त्यांनी यामाना-इंग्रजी कोश तयार केला. शब्द बत्तीस हजारांच्या घरात. १८९८ मध्ये ते वारले. हस्तलिखिताने पुष्कळ फेरे खाल्ले आणि अखेर १९३३ मध्ये ते ऑस्ट्रियात छापून निघाले.

ग्रंथांवरच अवलंबून राहून बाजी मारल्याचेही एक उदाहरण येथे नोंदवले पाहिजे. रोआल अमुंडसेनने दक्षिण ध्रुवाची मोहीम आखली, तेव्हा तो अंटार्क्टिकाच्या त्या भागात कधीच गेला नव्हता. त्याने पूर्वीचे वृत्तान्त समोर ठेवले. रॉसने १८४१ मध्ये पाहिलेल्या हिमभिंतीतील खाच आणि शॅकलटनने १९०८ मध्ये 'व्हेल्सचा उपसागर' असे नाव दिलेली खाच जवळजवळ एकाच ठिकाणी आहे, हे त्याच्या ध्यानी आले. शॅकलटनने ती जागा धोक्याची म्हणून सोडली होती. अमुंडसेनने मात्र, एवढी वर्षे टिकली म्हणजे खाली जमीन असणार, असे मानून तेथेच तळ ठोकला. स्कॉटच्या तळापेक्षा तो ध्रुवाला सुमारे एक अंश जवळ होता. १४ डिसेंबर १९११ रोजी तो ध्रुवावर पोहोचला. गंमत अशी की, त्याच्या तळाखाली जमीन नव्हतीच. बर्फ तरंगताच होता. उपसागर टिकला तो जवळच्या, बर्फाखाली गडप असलेल्या बेटामुळे. १९८७ मध्ये एक प्रचंड हिमनग तुटून निघाला आणि तो उपसागरच नाहीसा झाला.

आपली पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. पुढे तेथे उभारलेल्या तळाला 'दक्षिण गंगोत्री' असे नाव दिले गेले. ज्या दिशेला यमाचे घर, तेथे गंगेचा उगम कल्पिला गेला. माणूस आपली पोथी बरोबर नेतोच.

आणि यामाना? गोवर आणि इतर साथींनी ती जमात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ संपवली. ब्रिजेसांचा कोश छापून निघाला, तेव्हा ती भाषा बोलणारे मूठभरच उरले होते. त्यांतील क्रिस्टिना काल्देरोन यांनी आपल्या नातीकडून जुन्या कथा लिहवून घेतल्या. ते पुस्तक २००५ मध्ये निघाले. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्या निवर्तल्या. यामाना मातृभाषा म्हणून बोलणारे त्यांच्यानंतर कोणी राहिले नाही. दक्षिणेच्या टोकाला आज निघणाऱ्याला ब्रिजेसांचा कोश सोबत नेता येतो. बीगलच्या कपाटांत तो नव्हता. तेव्हा तो जेमी बटनच्या तोंडी होता.