पाण्याच्या दाबाने वाढणारे तडे

मालवण किनाऱ्यावरील घरांचा जांभा दगड आणि धरणाचे काँक्रीट यांत एक साम्य आहे : दोन्ही सच्छिद्र आहेत. रंध्रांत शिरलेले पाणी आतून दाब देते. कार्ल टेर्झागी यांनी १९२० च्या दशकात मांडलेल्या तत्त्वानुसार हा रंध्रदाब वाढला की कणांना एकमेकांवर दाबून धरणारा ताण तेवढाच घटतो. तडा आधीच पडलेला असेल, तर त्यात शिरलेले पाणी पाचरीचे काम करते.

या क्रियेचे संगणकीय सदृशीकरण करताना पदार्थाचे हजारो लहान घटकांत विभाजन केले जाते. पाणी किती झिरपले, घटक किती ताणला गेला आणि तड्याचे टोक पुढे सरकले काय, हे तीन प्रश्न क्षणाक्षणाला एकत्रच सोडवावे लागतात. तडा रुंदावला की पाणी वेगाने आत शिरते. तो एकाएकी लांबला, तर पाणी टोकापर्यंत उशिरा पोहोचते आणि तेथील दाब तात्पुरता उतरतो.

महाराष्ट्रातील कोयना धरण हे अशा अभ्यासाचे जगभर वापरले जाणारे उदाहरण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या या धरणाला आडवे तडे गेले. मागील बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो, त्या माथ्याखालील सुमारे ३६ मीटरच्या पातळीजवळ ते प्रामुख्याने आढळले. अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये या हानीचे गणिती विश्लेषण प्रसिद्ध केले. पुढे ‘अबॅकस’ या संगणक प्रणालीच्या उदाहरणसंग्रहातही कोयनेचा समावेश झाला.

भूकंपसमयी त्या पातळीवर सुमारे २५ मीटर पाणी उभे होते. म्हणजे दाब दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो. अखंड काँक्रीट फोडण्यास तो अपुरा आहे. मात्र हादऱ्याने तडा उघडताच हाच दाब वरचा भाग उचलू पाहतो. म्हणूनच पाण्याला केवळ बाहेरचा भार मानणारे गणित धरणाची सुरक्षितता प्रत्यक्षाहून अधिक दाखवू शकते. भूकंपानंतर कोयनेला मागील बाजूने काँक्रीटचे आधार देऊन बळकटी देण्यात आली.

सदृशीकरणाची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. सच्छिद्रता, पाणी झिरपण्याचा वेग आणि ताण सोसण्याची शक्ती ही मापे प्रयोगशाळेतूनच मिळतात. जांभ्यासारख्या दगडात तर ती चिऱ्यागणिक बदलतात. संगणकाचे उत्तर या मोजमापांइतकेच विश्वासार्ह असते.