नवे ग्राफिक्स कार्ड आताच घ्यावे, की पुढच्या पिढीसाठी थांबावे?

पुणे - संगणकाचे ग्राफिक्स कार्ड बदलायचे ठरले, की टिळक रस्त्यावरच्या दुकानाची पायरी चढण्याआधीच एक प्रश्न उभा राहतो. समोर आहे ते कार्ड घ्यावे, की काही महिन्यांनी येऊ घातलेल्या नव्या पिढीची वाट पाहावी? आज घ्यावे, तर तेच कार्ड लवकरच जुने ठरण्याची धास्ती. थांबावे, तर अडलेले काम तसेच पडून. खेळांचे शौकीन, वास्तुरचनेचे विद्यार्थी, ॲनिमेशन किंवा चित्रफितींचे संपादन करणारे व्यावसायिक, कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग घरच्या संगणकावर करू पाहणारे अभियंते, अशा सर्वांपुढेच हा पेच असतो. मध्यम प्रतीच्या कार्डालाही तीस ते साठ हजार रुपये मोजावे लागत असल्याने निर्णय चुकला तर तो खिशाला जाणवतो. २०१६ पासूनच्या पाच पिढ्यांचा इतिहास तपासला, तर मात्र या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सापडते.

'पिढी' म्हणजे काय?

पडद्यावरील लाखो ठिपक्यांचा हिशेब एकाच वेळी करणारी चिप, तिला जोडलेली स्वतंत्र मेमरी आणि दोहोंना थंड ठेवणारे पंखे, असे ग्राफिक्स कार्डाचे ढोबळ स्वरूप असते. १९९९ मध्ये एनव्हिडिया कंपनीने 'जीफोर्स २५६' बाजारात आणताना 'जीपीयू' हा शब्द रूढ केला. आज या क्षेत्रात एनव्हिडिया, एएमडी आणि २०२२ पासून इंटेल अशा तीन कंपन्या आहेत. एनव्हिडियाचे एक अभियांत्रिकी केंद्र पुण्यात येरवडा भागात आहे.

नवी पिढी दोन प्रकारे घडते. पहिला प्रकार चिपची अंतर्गत रचना बदलण्याचा, तर दुसरा चिप तयार करण्याची प्रक्रिया बदलण्याचा. प्रक्रिया सूक्ष्म झाली, की तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर मावतात व तेवढ्याच विजेत अधिक काम होते. प्रक्रिया तीच राहून केवळ रचना बदलली, तर वेगातील वाढ बेताचीच राहण्याचा संभव असतो. थांबावे की नाही, याचा पहिला सुगावा येथेच मिळतो.

पिढ्यांचे वेळापत्रक

एनव्हिडियाची 'जीटीएक्स १०८०' मे २०१६ मध्ये, 'आरटीएक्स २०८०' सप्टेंबर २०१८ मध्ये, 'आरटीएक्स ३०८०' सप्टेंबर २०२० मध्ये, 'आरटीएक्स ४०९०' ऑक्टोबर २०२२ मध्ये, तर 'आरटीएक्स ५०९०' जानेवारी २०२५ मध्ये विक्रीस आले. म्हणजे दोन पिढ्यांमधील अंतर २४ ते २८ महिन्यांचे राहिले आहे.

मात्र आधी येतात ती महागडी कार्डे. सर्वसाधारण ग्राहक ज्याच्याकडे डोळे लावून बसतो, ते 'साठ' क्रमांकाचे कार्ड मागाहून येते. १०६० हे दोन महिन्यांनी, २०६० चार महिन्यांनी, ३०६० पाच महिन्यांनी, ४०६० तर साडेआठ महिन्यांनी आले. ५०६० ला साडेतीन महिने लागले. 'नवी पिढी दोन महिन्यांवर आली आहे' असे म्हणणाऱ्या ग्राहकाची प्रतीक्षा प्रत्यक्षात सहा-आठ महिन्यांची ठरू शकते, ती अशी.

कधी फळले, कधी फसले

थांबणाऱ्यांच्या पदरी प्रत्येक वेळी सारखे फळ पडलेले नाही.

मार्च २०१७ मध्ये 'जीटीएक्स १०८० टीआय' ६९९ डॉलरला आले. दीड वर्षाने त्याच किमतीला जाहीर झालेल्या २०८० चा वेग तत्कालीन बहुतेक खेळांत जवळपास तेवढाच भरला. प्रकाशकिरणांचा हिशेब करण्याची नवी सोय त्यात होती. पण तिचा उपयोग करणारे खेळ त्या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. थांबणाऱ्याचे दीड वर्ष गेले आणि हाती फारसे काही लागले नाही.

२०२० मध्ये चित्र उलटले. निर्मितीची प्रक्रिया बदलली आणि ४९९ डॉलरचे ३०७० हे आधीच्या पिढीतील, दुपटीहून महाग असलेल्या २०८० टीआयच्या तोडीचे निघाले. कागदावर थांबणाऱ्यांचा विजय झाला. प्रत्यक्षात करोनाकाळातील मागणी, चिपचा तुटवडा आणि इथेरियम या आभासी चलनाच्या 'खाणकामा'साठी झालेली खरेदी यांमुळे कार्डे दुकानांतून दिसेनाशी झाली. २०२१ मध्ये अनेक कार्डांना जाहीर किमतीच्या दुप्पट भाव मोजावा लागला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने खाणकामाची पद्धत बंद केली; तत्पूर्वीच भाव उतरू लागले होते. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागलेल्यांना दोन वर्षे नुसतीच वाट पाहावी लागली.

२०२२-२३ च्या पिढीत प्रक्रियेने पुन्हा मोठी झेप घेतली; पण तिचा लाभ मुख्यतः वरच्या श्रेणीला मिळाला. ३०६० च्या मूळ आवृत्तीत १२ जीबी मेमरी होती. ४०६० मध्ये ती ८ जीबीवर आली. २०२५ मधील पिढीची प्रक्रिया आधीच्याच वर्गातील होती. परिणामी ५४९ डॉलरचे ५०७० हे २०२४ च्या आरंभी ५९९ डॉलरला आलेल्या 'आरटीएक्स ४०७० सुपर'च्या आसपासच घुटमळले. ५०७० हे ४०९० च्या बरोबरीचे असल्याचा कंपनीचा दावा संगणकाने मधली चित्रे स्वतः रचण्याच्या तंत्रावर आधारलेला होता. कच्च्या वेगावर नव्हे.

रुपयांचा हिशेब

परदेशी बातमीतील डॉलरच्या किमतीला रुपयाच्या दराने गुणून पुण्यातील किंमत काढणारे फसतात. अमेरिकेतील जाहीर किमतीत तेथील विक्रीकर धरलेला नसतो. भारतात १८ टक्के जीएसटी किमतीतच येतो. मार्च २०२५ मध्ये डॉलर ८७ रुपयांच्या आसपास होता. त्या हिशेबाने ५४९ डॉलर म्हणजे सुमारे ४७,८०० रुपये. कर धरून सुमारे ५६,४०० रुपये. भारतातील जाहीर किंमत ५९,००० रुपये होती. एप्रिल २०२३ मध्ये ४०७० ची जाहीर किंमत ६२,००० रुपये होती. आरंभीच्या काही आठवड्यांत दुकानातील भाव याहून चढा असतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

अमेरिकेतून सुटीवर येणाऱ्या मुलाकडून किंवा भाच्याकडून कार्ड मागवण्याची प्रथा पुण्यात जुनी आहे. त्यात काही हजार वाचतीलही. परंतु अनेक उत्पादकांची हमी खरेदीच्या देशापुरतीच असते. कार्ड बिघडले, तर ते पुन्हा सातासमुद्रापार पाठवावे लागते.

जुन्या पिढीचे भाव नवी येताच कोसळतील, ही आशाही दर वेळी फळत नाही. उत्पादन आधीच थांबवलेले असल्यास शिल्लक माल लवकर संपतो. २०२५ च्या अखेरीस तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून आलेल्या मागणीमुळे मेमरी चिपचे भाव जगभर चढले. थांबले, की स्वस्त मिळते, हा समज त्यामुळे पुरता डळमळला.

पुण्यातीलच एक उदाहरण

हा प्रश्न घरगुती ग्राहकापुरता नाही. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचा, अर्थात सी-डॅकचा, 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील पहिल्या शंभरांत आला. त्यात एनव्हिडियाच्या त्याच वर्षी जाहीर झालेल्या 'ए१००' चिप होत्या. पुढची 'एच१००' चिप मार्च २०२२ मध्ये जाहीर झाली. तरीही २०२३ च्या मे महिन्यात जागतिक यादीत ७५ वे स्थान मिळवणारी सी-डॅकची 'ऐरावत' यंत्रणा 'ए१००' वरच उभी होती. एक पिढी मागची चिप असूनही ती त्या वेळी देशातील सर्वांत वेगवान ठरली. चिप सर्वांत नवी असण्यापेक्षा यंत्रणा उभी राहून काम सुरू होण्याला मोल असते, हा बोध घरच्या संगणकालाही लागू पडतो.

निर्णय घेण्यापूर्वी

- काम अडले आहे का? कार्ड बंद पडले असेल, किंवा मेमरीअभावी काम मिळेनासे झाले असेल, तर थांबण्यात तोटाच अधिक. सध्याचे कार्ड निभावून नेत असेल, तरच प्रतीक्षेचा विचार करावा.
- तारीख जाहीर झाली आहे का? कंपनीने किंमत व तारीख जाहीर केली असेल व ती दोन महिन्यांच्या आत असेल, तर थांबणे योग्य. अफवांवर विसंबू नये. एनव्हिडियाने जाहीर केलेले १२ जीबीचे '४०८०' ऑक्टोबर २०२२ मध्ये विक्रीआधीच मागे घेऊन पुढे '४०७० टीआय' या नावाने आणले होते.
- प्रक्रिया बदलते आहे का? ती बदलत असेल तर थांबण्यात अर्थ. नसेल तर अपेक्षा बेताची ठेवावी.
- पडदा कोणता आहे? १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, तर 'फोर-के' पडद्यावर सुमारे ८३ लाख. पहिल्यासाठी दुसऱ्याच्या ताकदीचे कार्ड घेणे उधळपट्टी ठरते.
- मेमरी किती? कार्डाची मेमरी नंतर वाढवता येत नाही. सात अब्ज घटकांचे भाषिक प्रारूप १६ बिटांच्या स्वरूपात चालवायचे, तर १४ जीबी त्यातच जाते. अशा कामासाठी १६ जीबीचे जुने कार्ड ८ जीबीच्या नव्यापेक्षा सरस.
- वीजपुरवठा पुरेल का? जुन्या १०६० ला १२० वॅट पुरत. ५०७० ला २५० वॅट लागतात व संगणकाचा पॉवर सप्लाय किमान ६५० वॅटचा असावा, अशी शिफारस आहे. तो बदलण्याचा खर्च आधीच धरावा.
- जुने कार्ड विकत घेताना बिल व उरलेली हमी तपासावी आणि ते अर्धा तास चालवून पाहावे. त्याचा खाणकामासाठी वापर झाला होता का, हेही विचारावे.

पुढची पिढी नेहमीच दोन वर्षांच्या अंतरावर उभी असते. ती आली, की तिच्या पुढचीची चर्चा सुरू होते. त्यामुळे 'नवे काय येणार' यापेक्षा 'आज माझे काय अडले आहे' हा प्रश्न आधी विचारलेला बरा. अडले असेल, तर गरजेपुरते घेऊन कामाला लागावे. अडले नसेल, तर पैसे बँकेत राहू द्यावेत. तेथे ते निदान जुने तरी होत नाहीत.