‘एस’वर थांबलेलं बोट

फोनमधली इंग्रजी गाणी अक्षरक्रमानं लावली की साल-काळाची पार खिचडी होते. ‘एस’खाली बघा. १९१४चं ‘सेंट लुईस ब्लूज’, १९६१चं ‘स्टँड बाय मी’, १९३५चं ‘समरटाइम’. यांच्याच रांगेत ‘स्ट्रेंज फ्रूट’. नावावरून वाटतं, असेल काहीतरी गमतीशीर.

ही फळं म्हणजे झाडाला लटकणारी काळ्या माणसांची प्रेतं. अमेरिकेत गोऱ्यांचे जमाव काळ्यांना खटल्याविना ठार मारत. त्याला लिंचिंग म्हणतात. १९३० साली इंडियानातल्या मॅरियन गावी दोन तरुणांना असं मारलं. त्याचा फोटो आहे, झाडाखालच्या गर्दीत काहीजण चक्क हसताहेत. न्यूयॉर्कमधले शिक्षक एबल मीरोपोल यांनी लिंचिंगचा फोटो पाहून कविता लिहिली. १९३७मध्ये ती छापून आली, चालही त्यांनीच दिली.

१९३९मध्ये बिली हॉलिडे हे गाणं न्यूयॉर्कच्या ‘कॅफे सोसायटी’त गाऊ लागली. वेटर जागच्या जागी थांबत, दिवे मालवत, झोत फक्त तिच्या चेहऱ्यावर. टाळ्या घ्यायलाही ती परत येत नसे. तिच्या कोलंबिया कंपनीनं ते रेकॉर्ड करायला नकार दिला. (मोठ्या कंपन्यांचं धाडस नेहमी विक्रीच्या आकड्यांपर्यंतच.) मग ‘कमोडोर’ या छोट्या कंपनीनं तबकडी काढली.

१९६५च्या ‘पेस्टल ब्लूज’मध्ये नीना सिमोननंही ते गायलं. संपताच ‘सिनरमन’ सुरू होतं, दहा मिनिटांचं. ही दोन सलगच ऐका. अक्षरक्रमात मध्ये ‘स्टँड बाय मी’ घुसतं.